प्रवासात स्केचबुक नेलं तरी हात घरचाच राहतो. सामान, वेळ आणि नजर यांत काय बदलावं?

पेन्सिलटोक

नमस्कार. बारा दिवसांचा प्रवास ठरला आहे. एकदा विमान, बाकी रेल्वे, बस आणि बरंचसं चालणं. सोबत दोघं आहेत, दोघंही चित्र काढत नाहीत, त्यामुळे एका जागी वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त थांबता येणार नाही. सध्या पिशवीत एवढं आहे: ३०० जीएसएमची (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) ए४ स्पायरल वही (३० कागद), २४ हाफ पॅनची (जलरंगाच्या छोट्या वड्यांची) रंगपेटी, सहा ब्रश, एक वॉटर ब्रश (दांड्यात पाणी भरायचा), दोन फाउंटन पेनं आणि घडीचं स्टूल.

तीन प्रश्न आहेत.

यातलं काय न्यावं आणि काय घरी ठेवावं?

पंचवीस मिनिटांत पान पुरं कसं करावं? रेषा होतात आणि रंगाची वेळ आली की उठावं लागतं.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. जागा बदलते, पण चित्र बदलत नाही. तोच तिरका कोन, आधी काळी बाह्यरेषा आणि मग आत रंग. झाड कुठलंही असो, कागदावर तेच ढगासारखं झाड. रोजच्या चाकोरीबाहेर पडलं की नजर ताजी होते म्हणतात. ती हातात उतरावी म्हणून नेमकं काय करायचं?

ओलावॉश

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

आधी वजनाचा हिशोब करा. ३०० जीएसएमचा ए४ कागद जवळपास १९ ग्रॅमचा असतो. असे ३० कागद म्हणजे साडेपाचशे ग्रॅमच्या वर, शिवाय पुठ्ठा आणि तार. तोच कागद ए५ आकारात सव्वानऊ ग्रॅमचा होतो, म्हणजे २० कागदांच्या (४० पानांच्या) वहीतला कागद १९० ग्रॅमच्या आत बसतो. शिवणीची वही घ्या. ती सपाट उघडते आणि ए५ची समोरासमोरची दोन पानं मिळून आडवं ए४ होतं, त्यामुळे मोठं चित्र काढायची सोय कुठेच जात नाही. स्पायरलमध्ये मधली तार आडवी येते. शिवाय चालताना पानं एकमेकांवर घासतात आणि पेन्सिलचं काम धुरकट होतं.

वजन आणखी उतरवायचं म्हणून १५० जीएसएमवर मात्र येऊ नका. पाणी प्यायल्यावर कागदाचे तंतू फुगतात. पातळ कागदाला तो ताण पेलवत नाही, लाटा उठतात, पाणी खळग्यांत साचतं आणि नेमके तिथेच कोबीच्या फुलासारखे डाग पडतात. २०० जीएसएम चालेल, पण मग वहीच्या बाहेरच्या कडांना दोन-तीन क्लिपा लावाव्या लागतील.

शंभर टक्के कॉटन कागद सगळे सुचवतील. तो पाणी धरून ठेवतो, त्यामुळे ओल्यावर ओलं काम सुंदर होतं. पण तुमच्याकडे पंचवीसच मिनिटं आहेत आणि दमट हवेत तेवढ्यात तो वाळत नाही. लाकडी लगद्याचा, म्हणजे सेल्युलोज कागद लवकर वाळतो आणि चुकलेला रंग ओल्या ब्रशने उचलता येतो. त्याचा तोटा असा की दुसरा थर देताना ब्रश घासला तर खालचा थर सुटतो. म्हणून दोनच थर द्यायचे आणि दुसरा एका फटक्यात. या प्रवासासाठी मी सेल्युलोजच सुचवेन.

रंग २४ नकोत, सात पुरेत. नावं कंपनीगणिक बदलतात, म्हणून ट्यूबवरचा पिगमेंट (रंगद्रव्य) क्रमांक बघा: हान्सा पिवळा (पीवाय ९७ किंवा तत्सम), यलो ऑकर (पीवाय ४३ किंवा ४२), बर्न्ट सिएना (पीबीआर ७), क्विनाक्रिडोन रोझ (पीव्ही १९), अल्ट्रामरीन (पीबी २९), थॅलो निळा (पीबी १५:३), आणि सातवा तुमच्या आवडीचा एखादा गडद. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून कोमट राखाडीपासून जवळजवळ काळ्यापर्यंत सगळं मिळतं. दगड, रस्ता, सावली, ढग या सगळ्याचं निम्मं काम ही जोडीच करते. अल्ट्रामरीनमध्ये पिवळा घातला तर मळकट, खरा वाटणारा हिरवा होतो. थॅलोत घातला तर झगझगीत होतो, त्यात किंचित सिएना टाकून तो शांत करावा लागतो. थॅलो कागदात मुरतो, नंतर उचलला जात नाही, हे ध्यानात असू द्या. पीआर ८३ क्रमांकाचा अलिझरीन टाळा, उजेडात तो उडतो.

ट्यूबमधून पॅन स्वतः भरणार असाल तर निघायच्या किमान चार-पाच दिवस आधी भरा. एकदम काठोकाठ भरला तर वरून साय धरते आणि आत ओला राहतो, मग पेटी उभी झाली की सगळं एकमेकांत वाहतं. अर्धा भरा, एक दिवस वाळू द्या, मग उरलेला. मध घातलेले रंग दमट हवेत चिकटच राहतात, ते अशा प्रवासाला नकोत.

ब्रश दोन: चांगल्या टोकाचा आठ नंबर गोल आणि अर्ध्या इंचाचा चपटा. वॉटर ब्रश रेल्वेत सोयीचा, पण त्याचं पाणी थांबत नाही. रंग फिका होत जातो आणि मोठा सपाट वॉश (पातळ रंगाचा सलग थर) पट्ट्यापट्ट्यांचा येतो. तो ठेवायचा तर जोडीला सुती फडकं हवंच, दर दोन-तीन फटक्यांनी त्यावर टेकवायचा. पाण्यासाठी घट्ट झाकणाच्या ३० मिलीच्या दोन बाटल्या, एक धुवायला, एक स्वच्छ. स्टूल घरीच ठेवा. त्याऐवजी फोमचा घडी होणारा तुकडा घेतला तर पायरीवर, कट्ट्यावर, कुठेही बसता येतं.

सावलीमोजणी

वेळेचं सांगते. रंग राहून जातो कारण तो सगळ्यात शेवटी ठेवला जातो. क्रम बदलला की प्रश्न बराच सुटतो.

पहिली तीन मिनिटं काडेपेटीएवढ्या चौकटीत थंबनेल, म्हणजे छोटं कच्चं रेखाटन. डोळे किलकिले करून बघा, म्हणजे बारकावे विरघळतात आणि ठोकळे उरतात. फक्त तीन छटा: कागदाचा पांढरा, मधला, गडद. मधला आणि गडद यांपैकी कोण जास्त जागा व्यापतो हे इथेच ठरवा. दोघं निम्मे-निम्मे असतील तर चित्र सपाट होईल, चौकट थोडी सरकवा. पुढची दोन मिनिटं मोठी मापं. मग चार मिनिटं फिक्या पेन्सिलने मुख्य आकार आणि सावल्यांच्या कडा. हे टाळू नका. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे पंचवीस मिनिटांत सहा अंशांहून जास्त. सकाळ-संध्याकाळी जमिनीवरची सावली तेवढ्यात भिंतीवर चढते. कडा आधी बांधल्या नाहीत तर डावीकडची सावली साडेआठची आणि उजवीकडची नऊची होते. बघणाऱ्याला काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं.

त्यानंतर लगेच ब्रश. सगळ्या सावल्या एकाच राखाडी-निळ्या वॉशने जोडून टाका: छताखालची, भिंतीची, जमिनीवरची, मधे न थांबता. चार-पाच मिनिटं लागतात. या टप्प्यावर सोबतचे निघाले तरी पान पुरं दिसतं, कारण उजेड कुठून येतो ते कळतं. उरलेल्या वेळात स्थानिक रंग, म्हणजे वस्तूंचे स्वतःचे रंग. पेन सगळ्यात शेवटी, आणि तेही जिथे गरज आहे तिथेच: दाराची कड, तारा, माणसांचे पाय. याने तुमची ‘आधी काळी रेषा’वाली सवयही आपोआप मोडते.

मापं घेताना पेन धरलेला हात पूर्ण ताठ, एक डोळा बंद. कोपर जरा वाकलं की एकक बदलतं आणि तिसरं माप चुकतं. छपराचा उतार अंशांत मोजू नका. पेन त्या कडेवर धरा आणि घड्याळाचा काटा समजून वाचा: ‘दहाच्या काट्याएवढा’. तोच काटा कागदावर उतरवा.

चौकट किती मोठी घ्यावी? उघडी ए५ वही डोळ्यांपासून ३५ सेंमीवर धरली तर ती सुमारे ४५ अंश झाकते. तेवढंच चित्रात घ्या. ६० अंशांच्या पलीकडे गेलात की कडेच्या इमारती विचित्र ताणल्या जातात, आणि दोष आपल्याला आपल्या हातात वाटतो.

आणखी एक चूक हमखास होते: पान उन्हात ठेवून रंगवणं. उन्हात पांढरा कागद इतका चमकतो की प्रत्येक रंग फिका वाटतो, म्हणून आपण गडद लावत जातो आणि खोलीत आल्यावर चित्र काळवंडलेलं दिसतं. सावलीत बसा. जमत नसेल तर अशा कोनात बसा की पानावर स्वतःच्या शरीराची सावली पडेल. रंगीत छत्रीखाली नको, तिचा रंग कागदावर उतरतो. रंगीत काचेचा गॉगल काढून ठेवा.

पेन्सिलटोक

दोघांचेही आभार. सावल्या आधी जोडून घेण्याचं कधी डोक्यातच आलं नव्हतं. एक पोटप्रश्न: विमानात फाउंटन पेनांचं काय करायचं? आणि जलरोधक शाई म्हणून इंडिया इंक भरली तर चालेल?

शाईची दौत

इंडिया इंक फाउंटन पेनात अजिबात नको. तिच्यात बहुधा शेलॅक असतो, तो निबखालच्या फीडच्या (शाई निबपर्यंत आणणाऱ्या भागाच्या) बारीक खाचांत वाळला की पाण्याने सुटत नाही आणि पेन जातं. फाउंटन पेनासाठीच बनवलेली पिगमेंट शाई घ्या. तीही पेनात वाळू द्यायची नाही: चार-पाच दिवस पेन वापरात नसेल तर साध्या पाण्याने धुऊन ठेवायचं. रेष काढल्यावर वॉश देण्याआधी कोपऱ्यात एक रेघ ओढून ओल्या ब्रशने तपासा. जास्त साइझिंग (शोषण कमी करणारा लेप) असलेल्या कागदावर शाई वर तरंगत राहते आणि सुकायला वेळ घेते.

विमानात केबिनमधला दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असतो तेवढा ठेवतात. २,४०० मीटरला तो समुद्रसपाटीच्या सुमारे तीन चतुर्थांश होतो, म्हणजे पेनात अडकलेली हवा जवळपास एक तृतीयांशाने फुगते. १ मिलीच्या कन्व्हर्टरमध्ये (पेनातल्या शाईच्या नळीत) अर्धी हवा असेल तर ती जवळजवळ ०.१७ मिली शाई बाहेर ढकलते. तीन-चार थेंब वाटतात थोडे, पण टोपणात आणि बोटांवर भरपूर होतात. म्हणून पेन काठोकाठ भरलेलं किंवा पूर्ण रिकामं, आणि निब वर. वॉटर ब्रशलाही हेच लागू, तो रिकामाच न्या.

हातसामानातल्या द्रवांवर जिथे १०० मिलीची मर्यादा आहे तिथे ट्यूब आणि शाईची बाटली तीत धरली जाते. वाळलेल्या पॅनला तो प्रश्न नाही. पेन्सिल तासायचं पातं हातसामानात घेऊ नका. फिक्सेटिव्हचा (पेन्सिलचं काम पक्कं करणारा) स्प्रे ज्वलनशील असल्याने विमानात नेताच येत नाही, ना हातसामानात, ना चेक-इन बॅगेत. त्याऐवजी पेन्सिलच्या पानांमध्ये बटर पेपरचा तुकडा घाला आणि वहीला रबरी पट्टा घट्ट लावा. घासणं थांबलं की धुरकटपणाही थांबतो.

थोडं वेगळं सुचवतो. दोन्ही पेनांत जलरोधक शाई भरू नका. एकात मुद्दाम पाण्यात विरघळणारी ठेवा. रेष ओढून तिच्यावर ओला ब्रश फिरवला की तीच शाई सावली बनते. पेटी उघडायला वेळ नसेल अशा ठिकाणी हे एक पेन आणि एक ब्रश पुरतात.

उलटी नजर

तिसऱ्या प्रश्नावर यावं असं वाटलं, कारण मूळ गोष्ट तीच आहे.

नवी जागा आपोआप नवी नजर देत नाही. हाताने वर्षानुवर्षांत खुणा साठवलेल्या असतात: झाड म्हणजे ढग, खिडकी म्हणजे चौकट आणि अधिकचं चिन्ह, माणूस म्हणजे ठिपका आणि दोन काड्या. घाई झाली की हात त्याच खुणा वापरतो, आणि प्रवासात घाई असतेच. म्हणून अशा अटी घालून घ्या की जुनी खूण वापरताच येणार नाही.

पहिली अट शब्दांची. चित्राला हात लावण्यापूर्वी समासात तीन निरीक्षणं लिहा, आणि तीनही मोजता येण्याजोगी. ‘खिडकीची उंची रुंदीच्या अडीचपट.’ ‘झाड सगळ्यात रुंद आहे ते वरच्या तिसऱ्या भागात, खाली नाही.’ ‘छपराची सावली भिंतीच्या एक चतुर्थांशापर्यंत.’ ‘सुंदर जुनी इमारत’ हे निरीक्षण नव्हे, त्याने हाताला काहीच कळत नाही. झाडाचं हे एकच वाक्य लिहिलं तरी ढग कागदावर येत नाही, कारण आता ढग खोटा ठरलेला असतो. झाडासाठी आणखी बघायचं ते म्हणजे पानांमधली आकाशाची भोकं. फांद्या काढू नका, भोकांचे आकार काढा. प्रत्येक जातीच्या झाडात ती वेगळी असतात.

दुसरी अट डोळ्याच्या उंचीची. उभं राहून काढलं की सपाट जमिनीवरच्या साधारण तुमच्याच उंचीच्या सगळ्या माणसांची डोकी क्षितिजरेषेवर येतात, जवळची असोत वा लांबची. बुटक्या पायरीवर बसलात की तीच रेषा त्यांच्या कमरेच्या जरा वरून जाते, आणि सगळ्या चित्राचा भाव बदलतो: माणसं मोठी, रस्ता चपटा, छपरं उंच. जिन्यावरून किंवा गच्चीवरून रेषा त्यांच्या डोक्यांच्या वर जाते आणि जमीन नकाशासारखी उघडते. तुमचा तो कायमचा तिरका कोन मोडायला हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. एका दिवशी सगळी चित्रं बसून, दुसऱ्या दिवशी सगळी वरून. पान सुरू करताना पहिली रेष क्षितिजाची, आणि ती पानाच्या मधोमध नको.

तिसरी, पाठ फिरवणं. प्रसिद्ध दृश्यासमोर उभे राहा आणि मग १८० अंश वळा. समोरच्या दृश्याची हजारो चित्रं आपण आधीच पाहिलेली असतात आणि हात नकळत त्यांचीच नक्कल करतो. मागच्या बाजूचं कोणीच काढून दाखवलेलं नसतं, तिथे बघावंच लागतं.

चौथी, एकाच वस्तूची मालिका. एका पानावर आठ चौकटी आखा आणि दिवसभरात आठ दारं, किंवा आठ छपराचे कोपरे, किंवा आठ दिव्याचे खांब. प्रत्येकाला तीन मिनिटं. तिसऱ्या-चौथ्यापर्यंत हात ‘दार’ काढतो, पाचव्यापासून ‘हे दार’ काढायला लागतो. सोबतचे थांबत नसतील तर हा प्रकार सगळ्यात सोयीचा.

पाचवी, रंगांचं पान. नव्या ठिकाणी पहिल्याच दिवशी चित्र न काढता सहा ठिपके जुळवा: भिंत, माती, पान, रस्ता, आकाश, सावली. प्रत्येकाखाली कशात काय मिसळलं ते लिहा. घरच्या सवयीने हिरवा थेट पेटीतून येतो. इथे तो तिथल्या उजेडातून यावा लागतो. उंच अक्षांशांवर सूर्य खाली असतो, सावल्या लांब आणि निळसर राहतात. उष्ण कटिबंधात दुपारी सावली वस्तूच्या पायाशीच गोळा होते आणि भिंती सपाट दिसतात, तेव्हा बाहेरचं सोडून कमानीखालचं किंवा आतलं काढा.

जुन्या लोकांनीही जागेवर सगळं करायचा हट्ट धरला नाही. फ्रेंच चित्रकार देलाक्र्वा १८३२ साली एका राजनैतिक मंडळाबरोबर मोरोक्कोत गेला तेव्हा त्याच्या वह्यांत घाईची रेखाटनं आणि शेजारी रंगांची नावं शब्दांत लिहिलेली आहेत. त्या सामग्रीवर तो पुढे आयुष्यभर चित्रं करत राहिला. इंग्लिश चित्रकार टर्नर १८१९ मध्ये नेपल्सला असताना म्हणाला होता की बाहेर एक रंगीत चित्र करायच्या वेळात १५-१६ पेन्सिलची होतात. पेन्सिल आणि शब्द एवढ्यावरही पान पुरं होतं.

फोटो घ्यायचा तर चित्र झाल्यावर घ्या, आधी नको. आधी घेतला की मन ‘काम झालं’ म्हणतं. मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी २०१४ मध्ये संग्रहालयात केलेल्या प्रयोगात आख्ख्या वस्तूचा फोटो घेणाऱ्यांना ती वस्तू नुसती पाहिल्यापेक्षा कमी आठवली, पण एखाद्या भागावर झूम करून फोटो घेतला तेव्हा हा तोटा दिसला नाही. बारकाईने बघणं हाच फरक असावा.

सावलीमोजणी

‘उलटी नजर’ यांच्या पाठ फिरवण्याशी थोडी असहमत. मुख्य दृश्य टाळलं की ते मनात राहून जातं आणि मागची बाजू अर्ध्या मनाने होते. मुख्य दृश्याला आधी काडेपेटीएवढ्या तीन चौकटी द्या, दोन-दोन मिनिटांच्या. एक आडवी, एक उभी, एक फक्त एखाद्या तुकड्याची. मग वळा.

सहा-सात दिवसांनी हात पुन्हा नव्या सवयीत अडकतो तेव्हाचा उपाय: पाच मिनिटं कागदाकडे अजिबात न बघता रेखाटन. पेन उचलायचं नाही, नजर वस्तूच्या कडेवरून मुंगीच्या गतीने. चित्र वेडंवाकडं येईल, ते ठेवा. त्यानंतरचं पान नेहमी बरं निघतं, कारण डोळ्याची गती हाताइतकी हळू झालेली असते.

शाईची दौत

माणसांबद्दल कोणी लिहिलं नाही. हलणारा माणूस पूर्ण काढायला जाऊ नका. डोकं आणि खांद्यांचा उतार एका रेषेत, मग वजन कोणत्या पायावर आहे ते बघून तो पाय. डोक्यापासून त्या पायापर्यंत ओळंबा सोडल्यासारखी उभी रेष धरली की माणूस पडत नाही. तो निघून गेला तर हातांची ठेवण पुढच्यावरून घ्या, वाट बघणारी माणसं त्याच त्याच चार-पाच मुद्रांत उभी असतात. कोणी लक्षात येऊन अस्वस्थ झालं तर पेन खाली ठेवा. जिथे फोटोला मनाई आहे तिथे चित्रालाही असू शकते, आधी विचारून घ्या. बऱ्याच संग्रहालयांत पेन्सिल चालते, शाई आणि रंग नाही.

ओलावॉश

रोज रात्री दहा मिनिटं वहीला द्या. दिवसभरात दमट राहिलेली पानं उघडी ठेवा, समोरासमोर मिटू नका. जलरंगातला डिंक ओलाव्यात चिकट होतो आणि दोन पानं एकमेकांची चित्रं ओढून घेतात. पेटीचं झाकणही रात्रभर उघडं ठेवा, नाहीतर बंद ओलाव्यात पॅनवर बुरशी धरते. थंडीत बाहेर काम असेल तर उलट अडचण येते: शून्याखाली वॉश गोठून बर्फाच्या नक्षीचे ठसे उमटतात आणि खोलीत आल्यावर वितळून वाहतात. तिथे पेन्सिल आणि रंगांची नावं लिहून आणा, रंग आत बसून भरा. आणि त्याच दिवशी भरा. दुसऱ्या दिवशी ‘मळकट गुलाबी’ म्हणजे नेमका कोणता, ते आठवत नाही. शब्दांशेजारी मिश्रण लिहिलं असेल, म्हणजे रोझ दोन भाग, ऑकर एक, तर दोन-चार दिवसही चालतं.